खाडीपार

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
आमचा गाळा होता तिथे आता
मुली एसीत बसून विम्याचे फोन घेतात.
वॉचमननं विचारलं, काय बनायचं इथं?
फासे, म्हटलं.
तो गालात हसला. त्याला वाटलं, जुगाराचं बोलतेय.

आजोबा, त्र्यंबक चौबळ, मूळचे पॅटर्नमेकर.
कंपनीसाठी लाकडात व्हॉल्व्ह कोरायचे,
रविवारी उरल्या सागाच्या सोंगट्या.
चरईतल्या दोन खोल्यांत
हातदाब्याचं पहिलं मशीन आलं तेव्हा
पलंग गॅलरीत गेला
तो परत कधी आत आला नाही.

खेळाचं नाव खाडीपार.
पट त्यांनीच काढलेला:
चेंदणीचं बंदर, मिठागर, कळव्याचा पूल,
मधे चिखल, चिखल, चिखल.
भरती आली, चार घरं मागे.
जाळ्यात निवटी, एक डाव गप्प बसा.
आणि पाच पडले की होडी.
होडी मिळाली की थेट पैलतीर.

बेबीताई नाखवा पटांना खळ लावायची.
त्याआधी साबणानं हात धुवायची, दोनदा,
मासळीचा वास लागू नये म्हणून.
तरी पुण्याच्या एका बाईंचं कार्ड आलं:
तुमच्या खेळाला समुद्राचा वास येतो,
मुलं डबा उघडून आधी नाक घालतात.
ते कार्ड टेबलाच्या काचेखाली होतं, गाळा विकेपर्यंत.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत अकरा हजार डबे गेले.
आजोबा आधी अकरा म्हणायचे,
पाण्याचा घोट घ्यायचे,
मग हजार.

ते गेल्यावर वाटणी.
थोरल्या काकांना नाव मिळालं, बाबांना साचे.
नाव साच्यावाचून, साचे नावावाचून,
आणि मधे कोर्ट नाक्यावरचा वकील,
ज्याच्या मुंजीत आजोबांनी
खाडीपारचाच डबा दिला होता.

काकांनी तैवानहून नवे साचे आणले.
गुळगुळीत फासे, अंगठ्याला न टोचणारे.
दोन दिवाळ्यांत खेळ बसला.
दुकानदार सांगायचे, पोरं म्हणतात संपतच नाही,
चिखलातच अडकायला होतं.
काका म्हणाले, टीव्हीमुळे.
तेव्हा सगळं टीव्हीमुळेच होत होतं.
बाबा जुन्या मशीनवर
खोकल्याच्या औषधाची झाकणं काढत राहिले.
पाटीवर नुसतं सुधीर प्लास्टिक्स.
काकांचं आडनाव ते घेत नव्हते,
म्हणजे स्वतःचंही.

परवा आजीच्या मांडणीवरचे कागद बदलले.
हिंगाच्या डबीखाली कॅलेंडरचं पान, मार्च सहासष्ट.
पाठीवर पेन्सिलीच्या काड्या,
पाच-पाचच्या मोळ्या, सहा रांगांत.
एक, पंच्याण्णव वेळा. दोन, एकाहत्तर.
तीन, नव्व्याण्णव. चार, एकशे दोन.
पाच, एकशे एकोणचाळीस.
सहा, चौऱ्याण्णव.
कधी टाकले असतील तिनं सहाशे वेळा फासे,
कुकरच्या कितव्या शिटीला?

खाली तिच्या अक्षरात:
पाचाच्या पोटात बुडबुडा राहतो, कणीएवढा.
यांना सांगितलं. म्हणाले, उद्याच साचा सुधारतो.
मी म्हटलं, राहू द्या.
पोरं पार तरी होतात.

बाबांना दाखवलं.
चष्मा लावून त्यांनी काड्या पुन्हा मोजल्या,
सगळ्या सहाशे, बोट ठेवून.
मग म्हणाले, काकाचा नंबर आहे का तुझ्याकडे?
आहे.
बरं, म्हणाले, आणि पान खिशात घातलं.

रात्री पाणी प्यायला उठले तर
स्वयंपाकघरात दिवा.
ओट्यावर जुना फासा, शेजारी फोन पालथा.
टाकत होते.
दोन पडले.
मी उभी राहिले. परत दोन.
मान वर न करता म्हणाले,
थांब, येईल.